अर्धी ओवी

हुबळीचे नाव निघाले की परगावच्या माणसाला प्रथम आगगाडी आठवते. लोंढ्याकडून, गदगाकडून आणि हरिहराकडून आलेले रूळ येथे एकत्र मिळतात. येथला १५०७ मीटर लांबीचा फलाट २०२३ साली जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून गाजला. आमच्या केशवापुरापासून जवळच, गदग रस्त्यावर, दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. मी स्वतः हुबळीच्या पार्सल कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून २००७ साली निवृत्त झालो. अशा माणसाने संगणकावरील एका जंक्शनाविषयी लिहावे, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. त्या जंक्शनाला ‘हब’ म्हणतात. ते घरी कसे सुरू करावे, हे मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिकलो. त्यातील मर्म मला आधी उमगले असते, तर माझ्या आईच्या साडेतीन ओव्या आज अधिक असत्या.

माझी आई मूळची खानापूरची. पहाटे जात्यावर बसली म्हणजे ती ओव्या म्हणे. पुढे पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओव्याही गेल्या. १९८६ साली थोरल्या भावाने टेपरेकॉर्डर आणला आणि ‘आई, आता म्हण’ असा आग्रह धरला. आईने प्रयत्न केला, परंतु तिला एकही ओळ धड आठवेना. अखेर ती म्हणाली, “अरे, जाते फिरल्याशिवाय मला काही सुचायचे नाही.” मग आम्ही दोघा भावांनी जाते कोपऱ्यातून ओढून काढले, तिने त्यात मूठभर तांदूळ टाकले, खुंटा धरला, आणि जात्याच्या घरघरीबरोबर एकामागून एक सात ओव्या बाहेर पडल्या. पाळण्याची, भावाची, पावसाची, माहेराची अशा त्या होत्या. वस्तुतः त्यांतील एकेक म्हणजे ओव्यांची माळच. पण घरात आम्ही तिला एकवचनीच ‘ओवी’ म्हणत आलो. १९९१ साली आई गेली. मागे राहिली ती एवढी एकच फीत.

२००६ साली घरात संगणक आला. धाकट्या मुलाने टेपरेकॉर्डरला तार जोडून त्या सातही ओव्या संगणकात उतरवून घेतल्या. फीत अगदी जीर्ण झाली होती. शेवटची ओवी उतरली आणि ती आत गुरफटून तुटली. ‘आता तिचे काम उरले नाही,’ असे म्हणून आम्ही निश्चिंत झालो. त्याच वर्षी मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात राहावयास गेला. जाताना त्याने घरच्या संगणकातील बहुतेक सर्व सामग्री आपल्या संगणकात भरून नेली. त्यात त्या ओव्याही होत्या.

पुढच्या वर्षी, २००७ च्या डिसेंबरात, तो सुटीसाठी घरी आला तो एका नव्या गोष्टीने भारलेला होता. वसतिगृहात मुलांनी डी.सी. हब चालविले होते. मी म्हटले, “हे कसले प्रकरण?” त्याने मला माझ्याच भाषेत समजावून दिले. “बाबा, स्थानकावर चौकशीची खिडकी असते ना? कोणती गाडी कोणत्या फलाटावर, एवढे ती सांगते. माल काही त्या खिडकीतून जात नाही. हब म्हणजे ती खिडकी. कोण कोण हजर आहे, हे ते दाखवते. मला एखादी फाईल हवी असली की मी विचारतो, ज्याच्याकडे ती असेल त्याचे नाव मला कळते, आणि मग फाईल त्याच्या संगणकातून थेट माझ्या संगणकात येते. मध्ये कोणाचे गोदाम नाही.”

ही पद्धत १९९९ साली जॉन हेस नावाच्या अमेरिकन तरुणाने ‘डायरेक्ट कनेक्ट’ या नावाने काढली. २००१ साली यासेक सिएका याने तिच्यासाठी ‘डी.सी. प्लस प्लस’ हा प्रोग्राम लिहून सर्वांस मोफत खुला केला. आपल्याकडील वसतिगृहांत तो चांगलाच रुजला. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.च्या वसतिगृहांतही त्या काळी ‘डी.सी.’ हा शब्द मुलांच्या तोंडी असे. परंतु माझ्या मनात त्या पवईविषयीचीच एक बातमी ताजी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये तेथील वसतिगृहांतून रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत इंटरनेट बंद ठेवण्याचे ठरले होते. मुले रात्रभर पडद्यासमोर बसतात आणि शेजारच्या खोलीत कोण राहतो हेदेखील त्यांना ठाऊक नसते, अशी तेथील वडीलधाऱ्यांची चिंता होती. मला ती पटली होती. त्यामुळे मुलाचे बोलणे मी आधीच कपाळाला आठ्या घालून ऐकत होतो.

मी विचारले, “आणि तू लोकांना काय देतोस?” तो थोडा चाचरला. हबात शिरण्यास एक अट होती. आपल्याकडील किमान पाच गिगाबाईट सामग्री इतरांसाठी खुली ठेवल्यावाचून तेथे प्रवेश मिळत नसे. नुसते घेणाऱ्याला दार बंद. मुलाकडे तेव्हा स्वतःचे असे काहीच नव्हते. म्हणून त्याने घरून नेलेले सारे फोल्डर जसेच्या तसे खुले करून टाकले होते. त्यात घरची छायाचित्रे होती, माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या प्रती होत्या, मित्रांकडून घेतलेले नवे चित्रपट होते आणि आईच्या ओव्या होत्या.

माझा राग अनावर झाला. “माझे कागद परक्यांच्या हाती? हे चित्रपट तुझ्या बापाचे आहेत काय, वाटायला? आणि आईचा आवाज! ती काय बाजारात बसून गायली होती?” मी त्याला बरेच काही बोललो. त्याने एकही उलट शब्द काढला नाही. “परत गेल्यावर सगळे काढून टाकतो,” एवढेच तो म्हणाला. मी त्यावरही थांबलो नाही. “नुसते झाकून ठेवू नकोस. तुझ्या संगणकातूनच पुसून टाक. घरी आहे तेवढे पुरे.”

जानेवारीत तो परत गेला. पोचल्याच्या रात्री मी फोन केला आणि प्रवासाची चौकशी करण्याआधी विचारले, “काढलेस का?” तो म्हणाला, “आत्ताच संगणक चालू केला आहे, बाबा. थोड्या वेळाने काढतो.” मी म्हणालो, “थोड्या वेळाने नव्हे. मी फोन धरून आहे.” पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “झाले.” माझे समाधान झाले.

२००८ च्या जूनमध्ये पहिल्याच वळवाच्या रात्री वीज कडाडली आणि घरचा संगणक बंद पडला. दुरुस्तीच्या दुकानातून तो चार दिवसांनी चालू होऊन आला. आत मात्र काहीच नव्हते. डिस्क साफ करून दिली होती. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. आत काय आहे, हे मी त्याला सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. त्या रात्री मी कोपऱ्यातल्या जात्याजवळ बराच वेळ बसलो होतो. मुलाला कळविण्याचे धैर्य मला दोन दिवस झाले नाही.

मी सांगितल्यावर तो फोनवर क्षणभर गप्प राहिला, नंतर म्हणाला, “बाबा, मी शोधून पाहतो.” त्याने हबात ‘ओवी’ म्हणून शोधले, काही मिळाले नाही. आईच्या नावाने शोधले, काही नाही. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. या पद्धतीत कोणतीही फाईल खुली करण्यापूर्वी प्रोग्राम ती आतून तपासतो आणि तिचा एक ठसा काढतो. त्याला टी.टी.एच. म्हणतात. अक्षरे आणि अंक मिळून तो ३९ चिन्हांचा असतो. पार्सलावरचा पत्ता कोणी खोडून दुसरा लिहिला, तरी आतील माल बदलत नाही. त्याप्रमाणे फाईलचे नाव बदलले तरी हा ठसा बदलत नाही. मुलाच्या एका मित्राच्या संगणकात माझ्या मुलाच्या वाटणीची जुनी यादी तशीच पडून होती आणि तीत प्रत्येक ओवीपुढे तिचा ठसा लिहिलेला होता. मुलाने नाव सोडून तो ठसा शोधण्यास टाकला. पहिल्या दोन रात्री उत्तर आले नाही, कारण जो हजर असेल त्याच्याच संगणकात शोध होतो. तिसऱ्या रात्री एक नाव उमटले. बीडकडील एका मुलाकडे ती फाईल होती, आणि त्याने तिचे नाव बदलून नुसते ‘आजी’ असे ठेवले होते.

त्याच्याकडे तीन ओव्या पूर्ण होत्या. चौथी, माहेराची, त्याच्या रांगेत अर्धी उतरून थांबलेली होती. मुलाने ती सुरू झाल्याची तारीख आणि वेळ पाहिली. जानेवारीत मी फोन धरून बसलो होतो, तीच ती रात्र. तो बीडचा मुलगा त्या वेळी एकामागून एक ओव्या उतरवून घेत होता. माझ्या आज्ञेवरून पलीकडे प्रोग्राम बंद झाला आणि ओवी मध्येच तुटली. त्याच्या संगणकाने मात्र आशा सोडली नव्हती. पाच महिने ती अर्धी ओवी देणाऱ्याची वाट पाहत रांगेत उभी होती. उरलेल्या तीन ओव्या कोणाकडेच मिळाल्या नाहीत.

त्या मुलाशी मी फोनवर बोललो. तो संकोचून म्हणाला, “काका, माझी आजी पण अशीच जात्यावर म्हणायची. तिचं काहीच राहिलं नाही आमच्याकडं. म्हणून घेतल्या. विचारायला पाहिजे होतं.” मी त्याला म्हटले, “बाळ, विचारले असतेस तर मी नाही म्हटले असते. बरे झाले नाही विचारलेस.”

त्यानंतर त्या रागाचा हिशेब मी अनेकदा केला आहे. मी सर्वस्वी चुकलो होतो असे मला आजही वाटत नाही. निवृत्तिवेतनाचे कागद खुले ठेवणे हा निष्काळजीपणाच होता. चित्रपटांविषयीही मी बरोबर होतो. नॅपस्टर नावाची गाण्यांच्या देवघेवीची मोठी व्यवस्था १९९९ साली निघाली आणि २००१ साली ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांच्या दाव्यामुळे बंद पडली. तेव्हापासून सर्व जगाला हा प्रश्न ठाऊक आहे. जे आपले नाही ते वाटण्यात औदार्य नसते. आपल्या देशात १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे. त्याच्या आजच्या स्वरूपाप्रमाणे पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा आणि चित्रपटाचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे.

परंतु ओव्या? त्या आईला तिच्या आईने दिल्या होत्या, तिला तिच्या आईने. खानापूरच्या किती जात्यांवरून त्या फिरून आल्या असतील, कोणास ठाऊक! पिढ्यान् पिढ्या त्या जगल्या त्या देण्यानेच, आणि मी त्यांना कुलूप घातले. आईच्या अब्रूसाठी रागावलो असे मला वाटत होते. वास्तविक तो माझ्या मालकीचा अहंकार होता. तिन्ही गोष्टी मी एकाच टोपलीत घातल्या आणि टोपलीच फेकून दिली. मुलाने मात्र मला याविषयी आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही.

२०२१ साली मुलगा काही महिने घरून काम करीत केशवापुरात राहिला होता. तेव्हा मीच त्याला म्हटले, “ते तुझे हब आपल्या घरात बसते का?” तो हसला आणि त्याच रविवारी आम्ही ते बसविले. काम मी समजत होतो तितके कठीण नाही. घरातील एका जुन्या संगणकावर हबचा प्रोग्राम घातला; तोच चौकशीची खिडकी. घरातील वायफायच्या यंत्रातून त्याला एक कायमचा पत्ता ठरवून दिला, कारण खिडकी रोज जागा बदलू लागली तर चौकशीला जायचे कोठे? त्याचे दार, ज्याला पोर्ट म्हणतात, ते ४११ क्रमांकाचे. या पद्धतीत तोच रूढ आहे. भाऊ वरच्या मजल्यावर राहतो आणि शेजारची दोन घरे भिंतीला भिंत लागून आहेत; त्यांच्यापर्यंत तार ओढली. या चारही घरच्या संगणकांत डी.सी. प्लस प्लस घातले, प्रत्येकाने आपापले टोपणनाव निवडले आणि हबचा पत्ता लिहिला. संगणकाच्या फायरवॉलने परवानगी मागितली ती दिली. यास इंटरनेट लागत नाही; ते बंद असले तरी घरातल्या घरात हे चालते.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. मी फोल्डर खुले केले आणि शेजारणीला हाक मारून म्हणालो, “बघा, दिसते का?” तिला काही दिसेना. मुलगा म्हणाला, “बाबा, आधी ठसे निघू द्या.” मोठे फोल्डर असले तर ठसे काढण्यात बराच वेळ जातो, आणि तोवर फाईल दुसऱ्याला मिळत नाही. दुसरी अडचण अशी की भावाच्या आणि शेजारच्या संगणकांचा मेळ बसेना. दोन्हीकडे प्रोग्राम ‘पॅसिव्ह’ ठेवला गेला होता. दोघेही दार लावून आत बसले तर भेट कशी होणार? एकाने तरी ‘ॲक्टिव्ह’ होऊन दार उघडावे लागते. आम्ही सर्वांनीच ती दारे उघडली. एका वेळी किती जणांना द्यायचे याचे ‘स्लॉट’ ठरवावे लागतात. आम्ही प्रत्येकी तीन ठेवले.

जुन्या चुकीतून मी एक नियम सर्वांना घालून दिला. सबंध डिस्क किंवा घरचे नेहमीचे फोल्डर कधीही खुले करावयाचे नाही. ‘वाटणी’ या नावाचे स्वतंत्र फोल्डर करावे आणि विचारपूर्वक निवडलेली वस्तूच त्यात ठेवावी. बँकेचे कागद, पत्रव्यवहार, ओळखपत्रे यांना तेथे मज्जाव. ज्या छायाचित्रात दुसऱ्याचे घरचे माणूस आहे, ते त्याला विचारून ठेवावे. किमान किती द्यावे याची अट आम्ही ठेवली नाही. मात्र प्रत्येकाने एक तरी वस्तू स्वतःची द्यावी असे ठरविले. शेजारणीने प्रथम, “आमच्याकडे काय आहे देण्यासारखे?” असे म्हटले. आठवड्याने तिने आपल्या सासूबाईंच्या हातची, लोणच्यांच्या कृतींची वही पानापानाने छायाचित्रे काढून ठेवली.

मुदत संपलेल्या पुस्तकांनाही आम्ही जागा दिली. बेळगावी जन्मलेल्या बाबा पदमनजींचे १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ तेथे आहे, १९३६ साली निधन पावलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. जवळच्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाची मुदतही केव्हाच संपली आहे, म्हणून भावाने आपल्याजवळच्या दोन उतरवून ठेवल्या.

हल्ली असे हब पुष्कळ ठिकाणी ओस पडले आहेत. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे हवे ते खिशातच मिळू लागले. माझी सून म्हणते, “मामंजी, व्हॉट्सॲपवर पाठवले की झाले.” तिचे म्हणणे खोटे नाही, परंतु तेथून पाठविलेले छायाचित्र बहुधा आक्रसून जाते आणि चार दिवसांनी शुभेच्छांच्या ढिगाखाली सापडत नाही. हबातही एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. हब स्वतः काहीच साठवीत नाही. वस्तू टिकते ती दुसऱ्याने ती आपल्याकडे उतरवून घेतली तरच. म्हणून मी शेजाऱ्यांना नुसते ‘पाहा’ म्हणत नाही. ‘घेऊन ठेवा’ म्हणतो.

आईच्या साडेतीन ओव्या आज चार घरांत, मुलाकडे पुण्यात आणि बीडच्या त्या मुलाकडे आहेत. तो आता स्वतः बाप झाला आहे. गेल्या उन्हाळ्यात नातीने माहेराची ओवी लावली. जात्याची घरघर सुरू झाली, आई खानापूरच्या वाटेला लागली, आणि नेहमीच्या जागी आवाज थांबला. नात म्हणाली, “आजोबा, पुढे काय?” मी तिला वरील सर्व हकीगत सांगितली, माझा राग, तो फोन, काही लपविले नाही. ती थोडा वेळ विचार करीत बसली. नंतर म्हणाली, “तुम्हाला पुढचे आठवते का?” एक कडवे आठवत होते. मी ते म्हटले. माझा गळा गाण्याचा नाही आणि जाते फिरविण्याचे बळ आता हातांत नाही. म्हणून खुंटा तिने धरला. तिने ते आपल्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि संध्याकाळी ‘वाटणी’त ठेवले.

वाचकहो, आपल्या घरीही एखादी जुनी फीत, एखादी वही, एखाद्या वृद्धाचा आवाज असेल. तो आपलाच असेल आणि देण्यास योग्य असेल, तर आज कोणाला तरी देऊन ठेवा.